मैदानात उतरलेली श्रद्धा

तालमीत शिरताना उंबऱ्याला हात लावायचा, कोनाड्यातल्या मारुतीला नमस्कार करायचा, चिमूटभर माती कपाळाला लावायची आणि मग हौद्यात उतरायचे, ही आपल्याकडची जुनी रीत. व्यायामात धर्म आणावा की नाही, हा प्रश्न मराठी मुलखाला फारसा पडलाच नाही. धर्म तिथे आधीपासून हजर होता. पनवेलजवळच्या शिरढोणचे वासुदेव बळवंत फडके पुण्यात लहुजी वस्ताद साळव्यांच्या तालमीत घडले, तेव्हा बलोपासना, देवभक्ती आणि देशकार्य यांचे कप्पे कुणी वेगळे ठेवले नव्हते. अमरावतीचे व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ मध्ये निघाले, तेही हनुमानाच्या नावाने.

ख्रिस्ती माणसाची अडचण इथूनच सुरू होते. पनवेल महानगरपालिका २०१६ मध्ये झाली, पण त्याच्या कितीतरी आधी सिडकोच्या वसाहतींनी इथली वस्ती पालटून टाकली होती. नवीन पनवेल, खांदा कॉलनी, कळंबोली, कामोठे, खारघर या भागांत केरळची सिरो-मलबार, मलंकरा आणि मार्थोमा कुटुंबे आहेत, गोव्याचे व मंगळूरचे कॅथलिक आहेत, नोकरीनिमित्त आलेले मराठी प्रोटेस्टंट आहेत, भाड्याच्या हॉलमध्ये रविवारी जमणाऱ्या पेंटेकॉस्टल मंडळ्या आहेत. त्यांची मुले ज्या जिममध्ये जातात, तिथे भिंतीवर बजरंगबलीची तसबीर असते. योगदिनाला शाळेत चटया अंथरल्या जातात. कर्नाळ्याचा आणि कलावंतिणीचा ट्रेक रविवारी पहाटे निघतो, म्हणजे नेमका मिस्सा आणि उपासनेच्या तोंडावर. अशा वेळी घरोघरी प्रश्न निघतो: आपल्या श्रद्धेचा या घामाशी संबंध काय?

उत्तरे तीन प्रकारची मिळतात. काहींच्या मते संबंधच नाही; व्यायाम तब्येतीसाठी, प्रार्थना आत्म्यासाठी. काहींना वाटते की इतरांच्या उपासनेतून आलेला व्यायाम टाळावा आणि स्वतःचा वेगळा उभा करावा. तिसऱ्यांचे म्हणणे असे की जे शरीराला हितकारक आहे ते घ्यावे आणि आपल्या प्रार्थनेसह घ्यावे. या तिन्ही उत्तरांमागे मोठा इतिहास आहे, आणि त्यातला बराचसा पनवेलपासून लोकलच्या किंवा घाटाच्या अंतरावर घडलेला आहे.

शास्त्राचा आधार

बायबलमध्ये व्यायामशाळा नाही, पण मैदान आहे. संत पौलाने ज्या करिंथ शहरातल्या मंडळीला पत्रे लिहिली, त्या शहराजवळ दर दोन वर्षांनी इस्थमियन खेळ भरत. त्यामुळे धावपटू, मुष्टियोद्धा, सराव, संयम आणि विजेत्याचा कोमेजणारा मुकुट हे सगळे त्याच्या वाचकांच्या डोळ्यांसमोरचे होते. पौल ते बिनदिक्कत वापरतो. त्याच पत्रात तो शरीराला पवित्र आत्म्याचे मंदिर म्हणतो. तीमथ्याला लिहिलेल्या पत्रात मात्र सूर थोडा बदलतो: शरीराच्या कसरतीचा लाभ मर्यादित, सुभक्तीचा सर्वकाळचा. पुढची दोन हजार वर्षे ख्रिस्ती विचार या दोन टोकांमध्ये हेलकावे खात राहिला. कुणी पहिले वचन धरून शरीर घडवले, कुणी दुसरे धरून त्याच्याकडे पाठ फिरवली.

देहदंडाची परंपरा मोठी आहे, पण ती एकमेव नाही. इग्नेशियस लोयोला हा मुळात सैनिक. १५२१ मध्ये पँप्लोनाच्या लढाईत त्याच्या पायाला तोफगोळा लागला आणि अंथरुणात पडल्या पडल्या त्याचे आयुष्य वळले. त्याने रचलेल्या आध्यात्मिक साधनेच्या पुस्तकाला १५४८ मध्ये पोपची मान्यता मिळाली. चालणे आणि धावणे जसा शरीराचा व्यायाम, तशी ही आत्म्याची कसरत, अशा तुलनेनेच ते सुरू होते. सुरुवातीला उपासतापास करून या गृहस्थाने तब्येत बिघडवून घेतली होती. पुढे आपल्या संघाचे नियम करताना मात्र प्रकृती सांभाळा, असे त्याने बजावून ठेवले. अनुभवातून आलेले हे शहाणपण जेझुइटांबरोबर आपल्याकडेही आले.

शिवाय ख्रिस्ती उपासना म्हणजे बाकावर बसून ऐकायचे प्रवचन, हा समजही अपुरा आहे. मलंकरा परंपरेतल्या कुटुंबांना विचारा. मोठ्या उपवासात प्रार्थनेच्या मध्ये 'कुंबिडील' असतात: उभे राहायचे, गुडघे टेकायचे, कपाळ जमिनीला लावायचे, पुन्हा उभे राहायचे, आणि हे एकामागून एक कितीतरी वेळा. साठीच्या पुढच्या बायका ते न थकता करताना पाहिले की आखाड्यातल्या जोरांची आठवण येते. कॅथलिकांची क्रूसाची वाट चौदा थांब्यांची. तीही चालत, गुडघे टेकत करायची असते. संत फ्रान्सिस झेवियरच्या ३ डिसेंबरच्या सणासाठी सिंधुदुर्ग आणि बेळगाव भागातून भाविक जुन्या गोव्यापर्यंत पायी जातात. देह आणि प्रार्थना यांची गाठ इथे कुणी नव्याने मारावी लागत नाही. फक्त तिला कुणी व्यायाम म्हटलेले नाही एवढेच.

त्रिकोणाची कथा

व्यायामात जाणीवपूर्वक ख्रिस्ती श्रद्धा आणण्याची मोहीम सुरू झाली ती एकोणिसाव्या शतकात, इंग्लंडमध्ये. थॉमस ह्यूज आणि चार्ल्स किंग्स्ले या लेखकांभोवती एक विचार तयार झाला. सज्जन माणूस दुबळा असण्याचे कारण नाही; मैदानावरचा धीटपणा, नियमपालन आणि संघभावना हेच चारित्र्याचे शिक्षण, असे त्याचे सार. १८४४ मध्ये जॉर्ज विल्यम्सने लंडनमध्ये दुकानांत राबणाऱ्या तरुणांसाठी वायएमसीए स्थापली, तेव्हा तिचा भर बायबल अभ्यासावर होता. व्यायामाला तिथे मानाचे स्थान मिळाले ते अमेरिकेत. ल्यूथर गुलिक या अधिकाऱ्याने शरीर, मन आणि आत्मा अशा तीन बाजूंचा त्रिकोण संस्थेचे चिन्ह म्हणून पुढे आणला. वायएमसीएच्या फलकांवर तो आजही दिसतो.

या त्रिकोणातून दोन खेळ जन्मले आणि दोन्ही आपल्या गल्लीबोळांपर्यंत पोहोचले. डिसेंबर १८९१ मध्ये स्प्रिंगफील्डच्या वायएमसीए प्रशिक्षण शाळेत जेम्स नेस्मिथपुढे एक अडचण होती. हिवाळ्यात बाहेर खेळता येत नाही आणि आतल्या कवायतींना विद्यार्थी कंटाळलेले. नेस्मिथ ईश्वरशास्त्र शिकलेला. धक्काबुक्की होऊ नये, हे त्याच्या डोक्यात पक्के होते. म्हणून त्याने चेंडू हातात घेऊन धावायला बंदी घातली आणि लक्ष्य डोक्याच्या वर टांगले, म्हणजे कुणी अंगावर आपटून गोल करणार नाही. पीचच्या दोन टोपल्या, तेरा नियम, अठरा विद्यार्थी. बास्केटबॉलची रचनाच एका नैतिक विचारातून झाली आहे. खेळाच्या आधी प्रार्थना म्हणायची अट त्यात नाही. संयमाची शिकवण थेट नियमांत बसवली आहे. चार वर्षांनी, १८९५ मध्ये, विल्यम मॉर्गनने होल्योकच्या वायएमसीएत वयाने थोड्या मोठ्या, नोकरीधंद्यातल्या पुरुषांसाठी व्हॉलीबॉल काढला. त्यात तर मधल्या जाळीमुळे दोन संघांचा एकमेकांना स्पर्शच होत नाही.

भारतात हे लोण मिशनऱ्यांबरोबर आले. बॉम्बे वायएमसीए १८७५ ची. १९२० मध्ये हॅरी क्रो बक यांनी मद्रासला शारीरिक शिक्षणाचे वायएमसीए महाविद्यालय सुरू केले आणि शाळाशाळांतून पीटी शिकवणाऱ्या मास्तरांची एक पिढी तिथे तयार झाली. त्याच १९२० मध्ये सर दोराबजी टाटा आणि पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या खटपटीतून भारतीय संघ अँटवर्प ऑलिम्पिकला गेला. बेळगावचे फडेप्पा चौगुले तिथे मॅरेथॉनमध्ये एकोणिसावे आले. पुढच्या पॅरिस ऑलिम्पिकला, १९२४ मध्ये, भारतीय संघाबरोबर बक होते. १९२७ मध्ये भारतीय ऑलिम्पिक संघटना उभी राहिली, तेव्हा दोराबजी अध्यक्ष आणि वायएमसीएचे डॉ. ए. जी. नोरेन सचिव झाले. आपल्या ऑलिम्पिक चळवळीच्या पायात पारशी दातृत्व, मराठी उत्साह आणि ख्रिस्ती संघटनकौशल्य असे तिन्ही चिरे आहेत.

मात्र या इतिहासाची काळी बाजूही सांगितली पाहिजे. काश्मीरमधल्या मिशन शाळेचे मुख्याध्यापक टिंडल-बिस्को यांनी १८९१ मध्ये श्रीनगरला कातडी फुटबॉल आणला. पंडितांची मुले त्याला हात लावायला तयार नव्हती. चामडे त्यांना विटाळाचे. शिक्षकांना काठ्या देऊन मैदानाभोवती उभे केले गेले आणि मुलांना खेळायला लावले. चेंडू एका मुलाच्या तोंडावर आदळला, तो रडू लागला, बाटलो म्हणून सगळे हबकले; तेव्हा त्याला कालव्यावर तोंड धुऊन यायला सांगून खेळ पुन्हा सुरू झाला. टिंडल-बिस्को ही हकिकत अभिमानाने सांगत. त्या शाळेने काश्मिरी समाजाला पुष्कळ दिले, हे खरे. पण आज ती हकिकत वाचताना चेंडूपेक्षा काठी जास्त लक्षात राहते. श्रद्धेच्या नावाने व्यायाम सक्तीचा केला की काय होते, याचा हा धडा आहे, आणि तो सर्व धर्मांना लागू आहे.

नागपाड्याने काय केले

याच्या अगदी उलट उदाहरण मुंबईत आहे. १८१३ पासून मुंबईत काम करणाऱ्या अमेरिकन मराठी मिशनचे क्लिफर्ड मॅनशार्ट यांनी १९२७ मध्ये नागपाडा नेबरहूड हाऊस काढले. दाटीवाटीची, गरीब, बहुसंख्य मुसलमान वस्ती. तिथे दवाखाना, वर्ग, वाचनाची सोय आणि खेळाची जागा, सगळ्या धर्मांच्या लोकांसाठी. यातल्या अनुभवातूनच पुढे १९३६ मध्ये टाटांच्या साहाय्याने समाजकार्याचे शिक्षण देणारी संस्था उभी राहिली आणि मॅनशार्ट तिचे पहिले संचालक झाले. आज ती टिस म्हणून ओळखली जाते.

नागपाड्याच्या त्या परिसरात बास्केटबॉल असा रुजला की भारतीय बास्केटबॉलची ती एक राजधानीच झाली. बच्चू खान यांच्यासारख्या प्रशिक्षकाने गल्लीतल्या पोरांच्या पिढ्या घडवल्या. तिथले मैदान आज त्यांच्या नावाने ओळखले जाते. अब्बास मुंतसिर तिथूनच भारताच्या कर्णधारपदापर्यंत आणि अर्जुन पुरस्कारापर्यंत पोहोचले. ईश्वरशास्त्र शिकलेल्या माणसाने रचलेला खेळ, ख्रिस्ती मिशनने दिलेली मोकळी जागा, आणि तो खेळ स्वतःचा करून टाकणारी मुसलमान मुले. त्यातल्या कुणाला धर्म बदलावा लागला नाही. या सगळ्या आढाव्यात ख्रिस्ती श्रद्धा व्यायामात सर्वांत यशस्वीपणे कुठे उतरली, असे विचाराल तर माझे बोट नागपाड्याकडे जाईल.

संघाच्या नावात धर्म

श्रद्धा मैदानात आणण्याचा आणखी एक मार्ग म्हणजे संघच धर्माच्या नावाने काढायचा. मरीन ड्राइव्हवर जिमखान्यांची रांग आहे. त्यात १९१२ मध्ये स्थापन झालेला कॅथलिक जिमखानाही आहे. क्रिकेटची मुंबईतली मोठी स्पर्धा तर हिंदू, पारशी, मुसलमान, युरोपियन अशा संघांतच खेळली जाई. १९३७ पासून त्यात 'द रेस्ट' हा पाचवा संघ आला. ज्यांचा चारांत समावेश होत नाही, ते सगळे त्यात. भारतीय ख्रिस्ती त्यातच.

सांगलीत जन्मलेले विजय हजारे हे मराठी ख्रिस्ती. १९४३ च्या अंतिम सामन्यात हिंदू संघाने पाच बाद ५८१ वर डाव सोडला. विजय मर्चंट नाबाद २५०. रेस्टचा पहिला डाव १३३ वर आटोपला. फॉलोऑननंतरच्या दुसऱ्या डावात एकटे हजारे लढले. संघाच्या ३८७ धावांपैकी ३०९ त्यांच्या. सहाव्या विकेटसाठी भाऊ विवेक यांच्याबरोबर ३०० धावांची भागी झाली, त्यात विवेक यांच्या धावा २१. संघ सामना हरला, पण ती खेळी अजून सांगितली जाते. ही स्पर्धा जातीय तेढ वाढवते म्हणून गांधीजींनी तिला विरोध केला होता आणि १९४६ मध्ये ती बंद पडली. पुढे हजारेंच्याच नेतृत्वाखाली भारताने फेब्रुवारी १९५२ मध्ये मद्रासला इंग्लंडविरुद्ध पहिला कसोटी विजय मिळवला. पुण्याचे चंदू बोर्डे हे दुसरे मराठी ख्रिस्ती नाव. तेही भारताचे कर्णधार झाले. या दोघांना आपले मोठेपण दाखवायला धर्माच्या नावाचा संघ लागला नाही. पनवेलमध्ये आज फक्त ख्रिस्ती संघांच्या क्रिकेट आणि फुटबॉल स्पर्धा भरवाव्यात असे वाटणाऱ्यांनी हा इतिहास जरूर चाळावा. ओळखीपाळखीसाठी एखादी स्पर्धा ठीक. तीच सवय झाली की मुले आपसातच खेळत राहतात.

योगाची गुंतागुंत

आता सर्वांत तापलेला विषय. पनवेलहून बोरघाट चढून गेले की लोणावळा. तिथे १९२४ मध्ये स्वामी कुवलयानंदांनी कैवल्यधाम काढले आणि योगाचे शरीरावर काय परिणाम होतात ते यंत्रे लावून तपासायला सुरुवात केली. योगाकडे शरीरशास्त्राच्या नजरेने पाहण्याचा पाया तिथे पडला. त्याच लोणावळ्यात पुढे मुंबईचे जेझुइट अँथनी डिमेलो यांनी साधना संस्था चालवली. त्यांच्या १९७८ च्या 'साधना' या पुस्तकात श्वासाकडे, त्वचेवरच्या संवेदनांकडे, बसण्याच्या स्थितीकडे लक्ष देत प्रार्थनेत शिरण्याचे प्रकार आहेत. ते जगभर वाचले गेले. डिमेलो १९८७ मध्ये गेले. १९९८ मध्ये व्हॅटिकनने त्यांच्या काही लेखनावर इशारा दिला, पण त्याचा रोख मुख्यतः ईश्वर आणि येशू यांच्याविषयीच्या मतांवर होता.

दुसरे उदाहरण वांद्र्याचे. फादर ज्यो परेरा हे मुंबईचे कॅथलिक धर्मगुरू आणि पुण्याच्या बी. के. एस. अय्यंगार गुरुजींचे शिष्य. १९८१ मध्ये त्यांनी वांद्र्याच्या माउंट कार्मेल चर्चमध्ये कृपा फाउंडेशन सुरू केले: दारू आणि अमली पदार्थांच्या विळख्यात सापडलेल्यांसाठी. अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या बारा पायऱ्या आणि अय्यंगार पद्धतीची आसने यांची तिथे सांगड घातली गेली. व्यसन सोडताना हातापायाला सुटणारा कंप, उडालेली झोप, बेचैनी यांवर खुर्ची, पट्टा, लाकडी ठोकळे यांच्या आधाराने करायची आसने उपयोगी पडतात, हे त्यांनी वर्षानुवर्षे दाखवून दिले. २००९ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. योगाने श्रद्धा डळमळते का, या वादात त्यांचे काम हे एक ठोस उत्तर आहे. आसने करूनही ते धर्मगुरू राहिले आणि बरे झालेल्यांची रांग त्यांच्यामागे उभी राहिली.

पण विरोधी बाजूही हलकी नाही. २०१८ मध्ये सिरो-मलबार चर्चच्या सैद्धांतिक आयोगाने योग आणि ख्रिस्ती श्रद्धा यांचा मेळ बसत नाही, असे मत मांडले. १९८८ मध्ये स्थापन झालेला कल्याण धर्मप्रांत याच चर्चचा. पनवेल-खारघरकडची अनेक मल्याळी कुटुंबे त्यातली. पेंटेकॉस्टल मंडळ्यांत तर योगाविषयीची नापसंती अधिक उघड असते. व्हॅटिकनची भूमिका मधली म्हणावी लागेल. १९८९ च्या पत्रात पौर्वात्य पद्धती सरसकट नाकारलेल्या नाहीत. शरीराच्या विशिष्ट स्थितीमुळे वाटणाऱ्या शांतीला पवित्र आत्म्याचा अनुभव समजू नका, एवढा इशारा त्यात आहे. इशारा रास्त आहे. ताणलेले स्नायू सैल झाले की बरे वाटते. त्याला साक्षात्कार म्हणण्याची घाई कुणीच करू नये.

सूर्यनमस्काराचा प्रश्न आणखी वेगळा. औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तो संस्थानच्या शाळांतून रुजवला; सूर्याची नावे आणि बीजमंत्र त्याचा भाग होते. मंत्रासह केला तर ती उपासना आहे, हे ख्रिस्ती माणसाचे म्हणणे चूक नाही. मंत्राविना केला तर ती कसरत आहे, हेही चूक नाही. २१ जून २०१५ च्या पहिल्या योगदिनाच्या अधिकृत कार्यक्रमात सूर्यनमस्कार नव्हता. पुढच्याच वर्षी मुंबई महापालिकेत पालिका शाळांत तो सक्तीचा करण्याचा ठराव आला आणि वाद पेटला. इथे पुन्हा श्रीनगरची काठी आठवावी. शाळेत व्यायाम सक्तीचा असावा, उपासना नसावी. कुणाला सूर्यनमस्कार नको असेल तर त्याला जोर-बैठका घालू द्याव्यात. घाम तेवढाच येतो.

नवी लाट

अमेरिकेत गेल्या काही दशकांत ख्रिस्ती व्यायामाचा वेगळाच बाजार उभा राहिला. १९५७ मध्ये चार्ली शेड या पाळकाने प्रार्थनेने वजन घटवण्यावर पुस्तक लिहिले, तेव्हापासून डाएट आणि भक्ती यांची जोडी जमली आहे. योगाला पर्याय म्हणून वचने म्हणत करायची आसने आली. जपमाळेच्या रहस्यांबरोबर पोटाचे व्यायाम आले. रिक वॉरेन यांच्या चर्चने दानिएलाच्या नावाने आहार आणि व्यायामाचा कार्यक्रम २०११ मध्ये काढला. त्याच वर्षी शार्लट शहरात एफथ्री सुरू झाले: पुरुषांचे गट पहाटे उघड्यावर, फुकट व्यायाम करतात आणि शेवटी गोल करून एखादी प्रार्थना किंवा चार मनातले शब्द बोलतात.

मोबाइलवरून हे सगळे पनवेलपर्यंत पोहोचते. त्यातले काय घ्यावे? एफथ्रीची गोष्ट घेण्यासारखी आहे, कारण एकटा पडलेला माणूस त्यातून चारचौघांत येतो आणि त्याला पैसे पडत नाहीत. वजनाला पापाशी जोडणारे कार्यक्रम मात्र लांबच ठेवलेले बरे. थायरॉइड, बाळंतपण, मधुमेहाच्या गोळ्या, रात्रपाळी यांमुळे वाढलेल्या वजनाला श्रद्धेची कमतरता म्हणणे हा अन्याय आहे. त्यातून घडतो तो फक्त अपराधीपणा, आणि अपराधीपणाने कुणी फार दिवस चालायला जात नाही.

कॅथलिक चर्चने अलीकडे अधिक समतोल वाट धरली आहे. २०१८ मध्ये व्हॅटिकनने खेळ आणि माणूस यांवर स्वतंत्र दस्तऐवज काढला. त्यात खेळाची थोरवी आहेच; पण मुलांवरचा दबाव, उत्तेजक द्रव्ये, पैशाचा खेळ यांवरही बोट ठेवले आहे. २०१९ मध्ये व्हॅटिकनचा स्वतःचा अॅथलेटिक्स संघही जाहीर झाला.

रविवारचा पेच

पनवेलसारख्या गावात सिद्धान्तापेक्षा वेळापत्रक अधिक छळते. आठवडाभर हार्बर लाइनवर उभ्याने सव्वा तास जाणारा आणि तितकाच वेळ परत येणारा माणूस व्यायाम कधी करणार? रविवारी. ट्रेक, धावण्याच्या स्पर्धा, टेनिस बॉल क्रिकेटचे सामने, सगळे रविवारी सकाळी. मुंबई मॅरेथॉनही जानेवारीतल्या रविवारीच. इथे एरिक लिडेलचे नाव निघतेच. या स्कॉटिश धावपटूने १९२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये १०० मीटरची प्राथमिक फेरी रविवारी आहे म्हणून ती शर्यत सोडली आणि ४०० मीटर ४७.६ सेकंदांत जिंकली. नंतर तो चीनमध्ये मिशनरी झाला आणि १९४५ मध्ये जपान्यांच्या नजरकैदेत वारला.

लिडेलचे थोरपण मान्य करूनही प्रत्येक तरुणाकडून त्याची अपेक्षा करता येत नाही. कॅथलिकांमध्ये शनिवारी संध्याकाळची मिस्सा रविवारची म्हणून धरली जाते. ती जिथे असते तिथे पेच बराच सुटतो. प्रोटेस्टंट मंडळ्यांना संध्याकाळची उपासना ठेवता येईल. आणि उलट बाजूनेही विचार व्हावा. मुलगा रविवारी सामन्याला गेला म्हणून त्याला टोचून बोलणाऱ्या मंडळीनेच त्याच्यासाठी शनिवारी एखादा सामना कधी ठेवला का?

पनवेलपुरते

एवढा फेरफटका मारल्यावर निष्कर्ष सरळ आहे. व्यायामाला ख्रिस्ती लेबल चिकटवून तो ख्रिस्ती होत नाही आणि लेबल काढून तो धर्मबाह्यही होत नाही. बैठक ती बैठकच. श्रद्धा दिसते ती तीन ठिकाणी: माणूस व्यायाम कशासाठी करतो, दमल्यावर आणि हरल्यावर तो कसा वागतो, आणि मैदानाचे फाटक कुणाकुणासाठी उघडते. वर्चस्वासाठी आणि सक्तीने खेळ आणला तिथे श्रद्धेचेच नाव खराब झाले. नागपाड्यात जागा दिली, खेळ शिकवला आणि बदल्यात काही मागितले नाही. तिथले काम नव्वद वर्षांनंतरही बोलते आहे.

पनवेल परिसरात मोकळी जागा हीच आज सर्वांत महाग वस्तू आहे. ज्या चर्चला, मंडळीला किंवा त्यांच्या शाळेला आवार आहे, त्यांच्याकडे रविवारचे काही तास सोडले तर ते आठवडाभर बहुतेक रिकामे असते. तेव्हा धर्मग्रामांच्या आणि मंडळ्यांच्या समित्यांना विनंती अशी. येत्या प्रायश्चित्तकाळात, राखेच्या बुधवारपासून चाळीस दिवस, गोड आणि मटण सोडण्याच्या संकल्पाबरोबर रोज अर्धा तास चालण्याचा संकल्पही जाहीर करा. सकाळी ज्येष्ठांना आणि गृहिणींना चालायला, संध्याकाळी मुलांना खेळायला आवार उघडा, आणि शेजारच्या सोसायटीतल्या कुणालाही त्याचा धर्म विचारू नका. भिंतीला बास्केटबॉलची एक रिंग लावायला फार खर्च येत नाही. ज्यांना आधी प्रार्थना करायची आहे त्यांनी करावी. ज्यांना नाही त्यांना थेट चेंडू द्यावा. ज्यांना रक्तदाब किंवा गुडघ्याचा त्रास आहे त्यांनी डॉक्टरांना विचारून सुरुवात करावी. ईस्टर झाल्यावर हे बंद करू नका, एवढेच शेवटचे मागणे.